आजीची ठुशी, मोत्याची नथ आणि काळी पडलेली चांदी: घरी काय धुवायचं आणि कशाला पाणीच लावायचं नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की चिपळूणच्या घरातून आजेसासूबाईंचा दागिन्यांचा डबा आता तुमच्याकडे आलाय, त्यात एक ठुशी, बोरमाळ, मोत्याची नथ, एक तन्मणी, चांदीचे जुने पैंजण आहेत, शिवाय तुम्ही स्वतः प्रदर्शनातून घेतलेल्या हातानं बनवलेल्या ऑक्सिडाइज्ड चांदीच्या दोन अंगठ्या, एक फिरोज्याची आणि एक लॅब्राडोराइटची. पावसाळ्यात सगळं काळवंडलंय आणि व्हिडिओत बघितल्याप्रमाणे अॅल्युमिनियम फॉइल, गरम पाणी आणि खायच्या सोड्यात सगळं एकदम टाकलं तर चालेल का.

नाही चालणार. एकदम तर अजिबातच नाही. मी बावीस वर्षं चांदीचं आणि खड्यांचं काम हातानं करतेय, सुरुवातीची चार वर्षं हुपरीच्या कारागिरांकडे बसून शिकले, आणि माझ्याकडे दुरुस्तीला जे येतं त्यातलं निम्मं तरी काळं पडल्यामुळे आलेलं नसतं, घरी कुणीतरी मनापासून चमकवायला गेलं म्हणून आलेलं असतं. म्हणून हे जरा लांबलचक लिहितेय, घाई असेल तर निदान हे करा, की आज काहीही पाण्यात टाकू नका, सगळं एका पांढऱ्या कापडावर मांडा आणि आधी नुसतं बघा.

बघायचं काय तर दागिना कशानं धरून ठेवलाय. सोनं, चांदी हे नंतर. दोऱ्यात ओवलाय का, आत लाख भरली आहे का, खडा मागून बंद आहे का उघडा, आणि खडा मऊ आहे का कडक. पाणी आणि उष्णता सोन्याला काही करत नाही, ती दोऱ्याला, लाखेला आणि खड्याखालच्या वर्खाला, म्हणजे चकचकीत पातळ पत्र्याला, करते.

बोरमाळेपासून सुरू करते कारण तिथेच जास्त नुकसान होतं. आपल्याकडचे जुने मणी, म्हणजे बोरमाळेचे, कोल्हापुरी साजाचे, कित्येकदा मोहनमाळेचेसुद्धा, भरीव सोन्याचे नसतात. पातळ पत्र्याचा पोकळ मणी आणि आत लाख, म्हणजे कमी सोन्यात मोठा मणी होतो आणि लाखेमुळे तो चेपत नाही, फार हुशारीचं काम आहे ते. आता ही लाख साधारण 70-80 अंशांच्या आसपास मऊ होऊन वाहायला लागते. उकळतं पाणी म्हणजे 100 अंश. तीनेक वर्षांपूर्वी एक काकू सासूबाईंची बोरमाळ घेऊन आल्या होत्या, सोडा घालून उकळली होती, भोकांतून तपकिरी राळेसारखं बाहेर येऊन दोऱ्यावर चिकटलेलं, निम्मे मणी रिकामे झालेले आणि बोटात धरले तरी चेपत होते. सोनं तेवढंच होतं, पण प्रत्येक मणी सोडवून, परत लाख भरून, परत ओवून द्यायला लागली आणि चेपलेले सात-आठ मणी पहिल्यासारखे झालेच नाहीत. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो.

तर बोरमाळ आणि ठुशी, दोन्ही पाण्यात बुडवायच्या नाहीत, गरम नाही, गारही नाही. ठुशीचे मणी बारीक असतात आणि ते दोऱ्यावर अगदी दाटीनं बसवलेले असतात, मागे सरकती दोरी आणि गोंडा असतो. दोरा भिजला की आतून वाळायला दोन-दोन दिवस लागतात, चिपळूणच्या हवेत तर त्याहून जास्त, आणि कुजलेला दोरा लग्नाच्या मांडवातच तुटतो, दुसरीकडे कधी नाही. मऊ सुती कापड, जुन्या धुतलेल्या साडीचा किंवा बाळाच्या लंगोटाचा तुकडा सगळ्यात चांगला, तो साध्या पाण्यात बुडवून घट्ट पिळायचा, एवढा की दाबल्यावर थेंब निघता कामा नये, आणि मण्यांवरून एकाच दिशेनं फिरवायचा. मग कोरडा तुकडा. मण्यांच्या मध्ये घामाचा, पावडरचा थर बसला असेल तर लहान बाळांचा अगदी मऊ टूथब्रश, कोरडाच. बास. 22 कॅरेटचं सोनं काळं पडत नाही, ते मळतं, आणि मळ पुसला की खालचा रंग येतोच. जुन्या सोन्याचा तो जरा मंद पिवळा रंग असतो ना, तो घालवायचा प्रयत्न करू नका, माझ्या मते तो नव्या पॉलिशपेक्षा कितीतरी देखणा असतो.

मंगळसूत्राचं तुम्ही विचारलं नाहीत पण सगळ्यांच्या गळ्यात तेच असतं म्हणून सांगते. काळे मणी काचेचे असतात, सोन्याच्या तारेत गाठवलेलं असेल तर धुवायला हरकत नाही, वाट्यांच्या आतल्या बाजूला हळदकुंकू आणि साबण साचून दगडासारखा होतो. फक्त वाट्या लाखेनं भरलेल्या नाहीत ना हे उलटं करून बघा. पाच-सहा रिठे रात्री कोमट पाण्यात भिजत घाला, सकाळी कुस्करून गाळून घ्या आणि त्या फेसात दागिना दहा-पंधरा मिनिटं ठेवा, मग मऊ ब्रशनं मागच्या बाजूनं घासा कारण मळ मागेच असतो, दुसऱ्या भांड्यातल्या स्वच्छ पाण्यात खळबळा, पुसा आणि पंख्याखाली ठेवा. रिठे नसतील तर कपभर कोमट पाण्यात दोन थेंब बेबी शाम्पू. हे सगळं भांड्यात करायचं, वॉश बेसिनमध्ये नळाखाली कधीच नाही, फिरकी किंवा छोटा खडा निसटला की थेट पाइपात जातो. आणि धुतलेलं पाणी ओतायच्या आधी गाळणीतून ओता, मी अजून ओतते.

उघड्या बैठकीच्या हिऱ्याच्या, साध्या सोन्याच्या अंगठ्या, बांगड्या याच पद्धतीनं. हिऱ्याला तेलकटपणा पटकन चिकटतो, म्हणून कणीक मळली, केसांना तेल लावलं की हिरा मेल्यासारखा दिसतो, साबणाच्या पाण्यानं लगेच उठतो.

आता मोती. नथ आणि तन्मणी.

मोती म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आपल्या खडूतलं, शिंपल्यातलं तेच, फक्त अतिशय पातळ थरांमध्ये एकावर एक बसलेलं आणि त्या थरांमुळेच त्याला ते पाणी, म्हणजे चकाकी, असते. कॅल्शियम कार्बोनेट आम्लात विरघळतं. म्हणजे लिंबू नाही, व्हिनेगर नाही, चिंच, कोकम नाही, आणि घामसुद्धा थोडा आम्लच असतो म्हणून घालून झालं की पुसून ठेवायचं. पोवळ्यालाही हाच नियम, तेही तेच द्रव्य आहे. मोत्याचा कडकपणा खनिजांच्या मोस मापावर 2.5 ते 4.5, जिथे हिरा 10 आहे. घरातल्या धुळीत वाळूचे जे कण असतात ते 7. म्हणजे धूळ बसलेला मोती कोरड्या कापडानं खसाखसा पुसला तर तुम्ही त्याच्यावर पॉलिश पेपरच फिरवताय. आधी फुंकर, मग दमट कापडानं हलकेच टिपायचं, मग कोरडं. टूथपेस्टचं तर नावच काढू नका, तिच्यात दात घासायची बारीक भुकटी असते, ती मोत्याचं पाणी घालवते आणि सोन्याचांदीवर असंख्य बारीक ओरखडे पाडते, सुरुवातीचे दोन दिवस चकचकीत वाटतं आणि मग कायमचं धुरकट.

तुमच्या नथीतले मोती बसऱ्याचे असतील असं घरात म्हणतात असं तुम्ही लिहिलंय. बसरा मोती म्हणजे इराणच्या आखातातले नैसर्गिक मोती, ते आता नव्यानं जवळपास मिळतच नाहीत, त्यामुळे जरा पिवळट झाले असले तरी तसेच राहू द्या. पिवळेपणा घालवायला कुणी ब्लीच किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड सांगेल, ऐकू नका. नथ सोन्याच्या बारीक तारेवर असते, म्हणून दोरा कुजायची भीती नाही, पण तार वर्षानुवर्षं वाकवून पातळ झालेली असते, साफ करताना नथ तारेला धरून ओढू नका, मोत्यांच्या घोसाला खालून तळहाताचा आधार द्या. मधे लाल किंवा गुलाबी खडे असतील तर ते मागून बंद आहेत का बघा.

हे बंद बैठकीचं जरा सविस्तर सांगायला हवं कारण तन्मण्याच्या खोडात, म्हणजे मधल्या खडे बसवलेल्या पदकात, हमखास हेच असतं. जुन्या कामात पैलू नसलेला हिरा, माणिक, पाचू कोंदणात बसवताना खाली लाख आणि खड्याच्या पाठीला चांदीचा चकचकीत वर्ख लावत. खड्यात जो उजेड दिसतो तो त्या वर्खावरून परत आलेला असतो. या खोडाला पाणी लागलं की ते कडेच्या केसाएवढ्या फटीतून आत शिरतं, बाहेर यायला वाट नसते, आतला वर्ख काळा पडतो आणि खडा एका रात्रीत आंधळा होतो. तो बाहेरून कितीही घासला तरी उजळत नाही कारण काळेपणा आतच आहे. परत खोलून वर्ख बदलायला लागतो आणि हे काम नीट करणारे हात आता कमी राहिलेत. त्यामुळे खोडाला फक्त कोरडा मऊ ब्रश. पाचू असेल तर आणखी एक, बहुतेक पाचूंमध्ये नैसर्गिक भेगा असतात आणि त्या दिसू नयेत म्हणून तेल मुरवलेलं असतं, गरम पाणी किंवा साबणात ठेवला तर तेल निघून भेगा उघड्या पडतात. हल्ली ऑनलाइन ध्वनिलहरींनी साफ करणारी छोटी अल्ट्रासॉनिक मशिन मिळतात, चष्मा, हिऱ्याची साधी अंगठी ठीक आहे, पण मोती, पाचू, पोवळं, फिरोजा, ओपल, लाखेचं काम यातलं काहीही त्यात टाकू नका. स्वस्त लाल माणकात बरेचदा भेगा काचेनं भरलेल्या असतात, ती काच लिंबाच्या रसानंसुद्धा खराब होते.

तन्मण्याचे पदर बघा. दोन मोत्यांच्या मधे दोरा दिसायला लागला असेल, पदर लोंबल्यासारखा वाटत असेल, तर तो साफ करायचा विषयच नाही, आधी पटवेकऱ्याकडून, म्हणजे दागिने ओवणाऱ्या कारागिराकडून, परत गाठवून घ्या.

चांदीकडे येते. चांदी काळी का पडते तर हवेतल्या गंधकाच्या वायूंशी तिची क्रिया होऊन सिल्व्हर सल्फाइडचा पातळ थर बसतो. ही घाण नाही, गंज चढून भोकं पडतील असंही नाही. दमट हवेत हे भराभर होतं. अंडी, कांदा, लोकर, रबर या सगळ्यात गंधक असतं. पैंजणांच्या जोडीला रबरबँड लावून ठेवायची सवय घरोघरी आहे आणि बरोबर त्या रबराच्या जागी काळा पट्टा उठतो. पैंजणात चांदीचा टंच कमी असेल म्हणजे तांबं जास्त, तर आणखी लवकर. उलट रोज पायात असलेली जोडवी काळी पडत नाहीत, घासली जातात म्हणून. त्यामुळे माझा पहिला सल्ला नेहमी हाच की चांदी वापरा.

फॉइलचा प्रयोग खोटा नाही. गरम पाणी, सोडा आणि अॅल्युमिनियम एकत्र आले की सल्फाइडमधलं गंधक चांदी सोडून देतं, त्या काळ्या थराची परत चांदी होते, सडक्या अंड्यासारखा जो वास येतो तो त्याचाच. घासायला लागत नाही म्हणून चांदीही झिजत नाही, हा त्यातला खरा फायदा. पण निघालेली चांदी पांढरट, मुकी दिसते, नंतर कापडानं चकाकी आणावी लागते, आणि बरेचदा ती पहिल्यापेक्षा लवकर परत काळी पडते. एकही खडा नाही, मीनाकाम नाही, मुद्दाम काळी केलेली नक्षी नाही, लाख नाही, पोकळ भाग नाही असे साधे सपाट चांदीचे पैंजण, वाटी, निरांजन यांना वर्षा-दोन वर्षांतून एकदा करा, दोन-तीन मिनिटं, चांदी फॉइलला टेकलेली हवी, मग भरपूर पाण्यानं धुवा. तुमच्या पैंजणांना घुंगरू आहेत असं दिसतंय, म्हणजे पोकळ, सोड्याचं पाणी आत राहील. त्यांना रिठ्याचा फेस, मग साधं पाणी, मग झटकून झटकून दिवसभर पंख्याखाली, आणि वाळल्यावर सिल्व्हर पॉलिशिंगचं कापड. ते कापड काळंकुट्ट झालं तरी धुवायचं नाही, त्यातलं औषध जातं. भांडी घासायच्या पावडरी, राख, तारेची घासणी नको. सिल्व्हर डिप म्हणून बाटली मिळते त्यात आम्ल असतं, खड्यांच्या दागिन्याला अजिबात नको.

आता तुमच्या दोन अंगठ्या, आणि हे माझ्या स्वतःच्या कामाचं आहे म्हणून जास्त कळकळीनं सांगते. ऑक्सिडाइज्ड चांदी म्हणजे आम्ही चांदी मुद्दाम गंधकाच्या द्रावणात बुडवून काळी करतो आणि मग उंच भाग घासून पांढरे काढतो, खोलगट भागात काळं राहतं, त्या काळ्यामुळेच नक्षी वाचता येते. तुम्ही ही अंगठी फॉइलच्या पाण्यात टाकली की आमचं सगळं काम दोन मिनिटांत पुसलं जातं, रसायनाला मुद्दाम केलेलं काळं आणि पावसानं आलेलं काळं यातला फरक कळत नाही. पॉलिशचं कापड बोटाला ताणून गुंडाळायचं आणि फक्त वरच्या उठावावरून फिरवायचं, खळग्यात बोट घालायचं नाही. बाजारात बरेच ऑक्सिडाइज्ड दागिने चांदीचे नसतातच, दुसऱ्या धातूवर पाणी, म्हणजे पातळ मुलामा, दिलेलं असतं, त्यांना कापडानंही घासू नका, पाणी उडून खालचा धातू दिसेल. एक ग्रॅम गोल्डचंही तेच.

फिरोजा हा सच्छिद्र दगड आहे, कडकपणा 5 ते 6. तो तेल, क्रीम, सेंट, साबण सगळं पितो आणि आकाशी निळ्याचा हळूहळू हिरवा होतो, तो परत निळा करता येत नाही. शिकत असताना मी एकदा फिरोज्याचं पेंडंट बाकी चांदीबरोबर गरम साबणाच्या पाण्यात टाकलं होतं, गिऱ्हाईकाचं होतं, दोन दिवसांनी त्याच्यावर ढगासारखे डाग उठले आणि मला ते स्वतःच्या पैशानं बदलून द्यावं लागलं. तेव्हापासून फिरोजा आणि लापिस लाझुली यांना माझ्याकडे फक्त पिळलेलं कापड. स्वयंपाक करताना, भांडी घासताना ती अंगठी काढा. लॅब्राडोराइट 6 ते 6.5, पाणी चालतं पण ठोका चालत नाही, त्याला आत ठराविक पातळ्या असतात आणि ओट्याच्या कडेवर आपटला की त्या पातळीवर सरळ दुभंगतो. मूनस्टोनही त्याच घराण्यातला. इथिओपियन ओपल कुणाकडे असेल तर तो पाणी शोषून रंगच बदलतो, घाबरू नका, सावलीत आपोआप वाळू द्या, पण तेलकट किंवा साबणाचं काही पिऊ देऊ नका. अॅमेथिस्ट खिडकीतल्या उन्हात महिनोन् महिने ठेवला तर फिका पडतो.

दर दोन-तीन महिन्यांनी अंगठी कानाजवळ धरून हलकेच बोटानं ठोका, खडा खुळखुळला तर लगेच घालणं बंद. खडा धरून ठेवणाऱ्या धातूच्या नखांवरून नायलॉनचा दुपट्टा फिरवून बघा, अडकला म्हणजे नख उचललंय.

ठेवायचं कसं, कारण कोकणात खरी लढाई तिथेच आहे. चांदी प्रत्येक नग वेगळ्या झिपच्या पिशवीत, हवा दाबून काढून, सोबत सिलिका जेलची पुडी, पावसाळ्यात महिन्यातून एकदा ती बदला. वर्तमानपत्र, लोकरी कापड, पुठ्ठ्याचा डबा नको, सराफ देतो तो गुलाबी कागद चालेल. मोती मात्र उलटे, त्यांना पूर्ण कोरडं, हवाबंद प्लास्टिक मानवत नाही, त्यांच्यासाठी मलमलच्या कापडाचा तुकडा आणि लाकडी किंवा कापडी डबी, सिलिका जेल नको. वर्षातून दोन-चारदा घालाच. सगळा सेंट, हेअर स्प्रे, पावडर आधी आणि दागिना सगळ्यात शेवटी, काढताना तो सगळ्यात आधी. बाथरूम घासायचं अॅसिड, कपड्यांचं ब्लीच आणि स्विमिंग पूलचं क्लोरीन यांपासून सोनंही लांब, विशेषतः 14 आणि 18 कॅरेटचं, ते झाळलेल्या, म्हणजे सांधलेल्या, जागी आणि नखांपाशी ठिसूळ होतं. पांढऱ्या सोन्यावर रोडियमचं पाणी असतं, ते दोन-तीन वर्षांत उडून पिवळट दिसायला लागलं तर घासू नका, परत पाणी देऊन घ्या.

आणि हे कृपा करून घरातल्या म्हाताऱ्या माणसांना नक्की सांगा. दुपारच्या वेळी दारावर दोघं येतात, आधी देवाची पितळी समई फुकट चकचकीत करून दाखवतात, मग बांगडी मागतात. बांगडी ज्या द्रावणात बुडवतात ते अम्लराज असतं, नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचं मिश्रण, त्यात सोनं खरोखर विरघळतं, दागिना दिसायला तसाच राहतो आणि वजन जातं, वर हळद घालून डबा देतात की वीस मिनिटांनी उघडा. किंवा डब्यातून दागिनाच गायब असतो. दारावर कुणालाही उजळायला देऊ नका. सराफाकडे देतानासुद्धा तुमच्यासमोर वजन करून, दोन्ही बाजूंचे फोटो काढून द्या, परत घेताना परत वजन करा, आणि मशिनवर बफ, म्हणजे फिरत्या चाकावर घासून पॉलिश, करू नका असं सांगा कारण जुन्या ठशाची पानं इतकी पातळ असतात की दोन-तीनदा बफ झाली की नक्षीच सपाट होते.

शेवटचं तुम्ही विचारलंय की ठुशीचा जुना दोरा आणि गोंडा काढून नवीन सोनेरी चेन लावू का. दोरा बदला, नक्की बदला, पण चेन नका लावू. ठुशी गळ्याशी चिकटून बसते ती दोरीच्या सरकत्या गाठीमुळे, चेननं ती खाली उतरते, मणी एकमेकांवर घासतात आणि लाखेचे असतील तर भोकापाशी फाटतात. पटवेकऱ्याकडे जाताना आधी ठुशी सरळ ठेवून फोटो काढा, मणी मोजून लिहून ठेवा, आणि ओवून होईपर्यंत तिथेच बसा, तासाभराचं काम आहे.